कार्ड नाव सांगतं की ओळख पटवतं?

गेल्या अंकात इमारतीच्या दारावरच्या कार्ड रीडरबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. म्हणून या वेळचं सदर फक्त दार उघडणारी कार्डं आणि की-फॉब, म्हणजे किल्ल्यांना अडकवायचे छोटे तुकडे, यांच्यासाठी. एकवीस वर्षं मी हे काम करते आहे. सुरुवात भिंतीतून वायर ओढण्यापासून झाली, आता लोकांना काय घ्यावं आणि काय घेऊ नये ते सांगते. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत, आशय तोच ठेवला आहे.

ताई, आमच्या इमारतीत १४० घरं आहेत. रीडर १२ वर्षांपूर्वी बसवले. बसवणाऱ्यांचा आता पत्ता नाही. नव्या रहिवाशांसाठी ४० कार्डं हवीत. विक्रेते विचारतात, 'कुठली?' आमच्याकडे उत्तर नाही. सगळी कार्डं सारखीच पांढरी दिसतात. — रहिवासी समितीचे सचिव

सचिवसाहेब, आज दार उघडणारं एक कार्ड हातात घ्या. कपाटात पडलेलं जुनं नको. एनएफसी, म्हणजे जवळ धरलेलं कार्ड वाचण्याची सोय, असलेल्या फोनवर ती चालू करून कार्ड फोनच्या पाठीला टेकवा आणि सावकाश वरखाली सरकवा. फोन थरथरला किंवा पडद्यावर काही उमटलं, तर कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालणारं आहे. फोन ढिम्म राहिला तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं. फोनमधल्या एनएफसीला ती वारंवारता वाचताच येत नाही. १२ वर्षांपूर्वीची यंत्रणा म्हणता, तर माझा कौल १२५कडे आहे, पण कौलावर खरेदी करू नका.

कार्ड पातळ असेल तर अंधारात त्याच्यामागे टॉर्च धरून बघा. केसासारख्या तारेचं दाट वेढ्यांचं कडं दिसलं तर ते १२५चं. कडेकडेने फिरलेले मोजकेच वेढे दिसले तर १३.५६चं. दोन टरफलं जोडल्यासारख्या जाड कार्डातून उजेड जात नाही, तिथे फोनचीच परीक्षा कामाची.

मग कार्डावरचा छापील आकडा पाहा. ईएम४१०० जातीच्या, म्हणजे १२५च्या साध्या चिपच्या, कार्डांवर बऱ्याचदा दोन आकडे शेजारी शेजारी असतात, उदाहरणार्थ ००१२३४५६७८ आणि १८८,२४९१०. हे दोन वेगळे क्रमांक वाटतात, पण आहे तो एकच. १८८ला ६५,५३६ने गुणा, त्यात २४,९१० मिळवा, १,२३,४५,६७८ येतील. हे गणित मी मुद्दाम लिहिते आहे. एका इमारतीत निम्मी कार्डं एका आकड्याने नोंदवली होती आणि निम्मी दुसऱ्याने. नोंदवणारी माणसं दोन होती आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. काही घरांची कार्डं चालायची, काहींची नाही, आणि दोष मात्र रीडरला लागत होता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता आकडा भरला जातो ते आधी पाहा आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसऱ्या जातीत, म्हणजे वीगंड या जुन्या पद्धतीच्या २६ बिटांच्या नेहमीच्या मांडणीत, ८ बिट फॅसिलिटी कोडचे, म्हणजे सगळ्या इमारतीच्या सामायिक क्रमांकाचे असतात, १६ बिट कार्डाच्या क्रमांकाचे आणि दोन टोकांचे दोन बिट तपासणीचे. फॅसिलिटी कोड ०पासून २५५पर्यंत आणि क्रमांक ०पासून ६५,५३५पर्यंतच जातो. ही मांडणी सगळ्यांना खुली आहे, कोणाला कुठले क्रमांक दिले याचा हिशोब ठेवणारं कोणी नाही. त्यामुळे तुमच्याच जोडीचं कार्ड दुसऱ्या इमारतीतही असू शकतं. ऑर्डर देताना फॅसिलिटी कोड आणि तुमच्याकडच्या शेवटच्या कार्डाच्या पुढचा क्रमांक, दोन्ही लेखी द्या.

एकदा मी स्वतः ३०० फॉब मागवले ते फोनवर 'काळे, आधीसारखेच' एवढंच सांगून. आले ते दिसायला हुबेहूब, पण १३.५६चे, आणि दारावरचे रीडर १२५चे. खोकी परत घेतली गेली नाहीत. तेव्हापासून आधी दोन नमुने मागवते आणि एकूण एक रीडरवर लावून बघते. मुख्य दार, लिफ्ट, गाडीतळ, गच्ची, काही सोडत नाही, कारण मधल्या काळात एखादा रीडर बदललेला असतो आणि ते कोणाच्या लक्षात नसतं. तुम्हीही तसंच करा. सध्या ४० घ्या, जास्तीचा साठा करू नका. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

आमच्या शेजाऱ्यांनी किल्ल्या करून देणाऱ्याकडून फॉबची नक्कल दोन मिनिटांत आणली आणि ती चालते! विक्रेता म्हणतो, सगळं बदला, 'एन्क्रिप्टेड' कार्डं घ्या. हा नुसता धंदा आहे की खरंच गरज आहे? — तिसऱ्या मजल्यावरची वाचक

नक्कल होते, हे खरं आहे. का होते ते समजलं की विक्रेत्याला काय विचारायचं तेही कळेल.

कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड जवळ गेलं की कार्डातल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. १२५ किलोहर्ट्झची साधी चिप जागी झाली की एकच करते, आपला क्रमांक सांगत राहते. विचारणारा कोण, हे ती बघत नाही. नक्कल करणारं यंत्र तोच क्रमांक ऐकतं आणि कोऱ्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर लिहितं. त्यासाठी टी५५७७ ही चिप सर्रास वापरतात. दाराला दोन्ही फॉब सारखेच. म्हणजे हे कार्ड नुसतं नाव सांगतं, आणि दुसऱ्याचं नाव कोणालाही सांगता येतं.

ओळख पटवणारं कार्ड वेगळं वागतं. रीडर दर वेळी नवा, आधी न वापरलेला आकडा पाठवतो. कार्ड आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्यावर प्रक्रिया करून उत्तर देतं. किल्ली स्वतः कधीच बाहेर येत नाही. आजचं उत्तर कोणी चोरून ऐकलं तरी उद्याचा प्रश्न वेगळा असतो, ते उत्तर त्याच्या कामाचं नाही.

पण 'एन्क्रिप्टेड' या एका शब्दावर विसंबू नका. मायफेअर क्लासिक हे कार्ड १९९४ मध्ये आलं आणि जगभर पसरलं. तेही एन्क्रिप्टेडच होतं. ४८ बिटांची किल्ली, आणि क्रिप्टो-१ नावाची, कंपनीने गुप्त ठेवलेली पद्धत. डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी बर्लिनच्या परिषदेत ती उलगडून दाखवली. चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढून त्यांनी आतली रचना वाचली होती. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती मोडून दाखवली. एनएक्सपी ही उत्पादक कंपनी त्यांचा लेख थांबवण्यासाठी न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये न्यायालयाने बंदी नाकारली. न्यायालयाचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कुलूप कमजोर आहे हे ज्याच्या दाराला ते लावलंय त्याला कळायलाच हवं. इतकं होऊनही मायफेअर क्लासिक अजून विकलं जातं आणि 'स्मार्ट कार्ड' म्हणून गळ्यात मारलं जातं. नवीन कामासाठी ते घेऊ नका.

मग काय घ्यावं? आज मी त्याच कंपनीची डेसफायर कार्डं सुचवते, ईव्ही२ किंवा ईव्ही३ पिढीची, एईएस या कूटलेखन पद्धतीच्या १२८ बिटांच्या किल्लीसह. कोटेशनमध्ये पिढी लिहून घ्या, नुसतं 'डेसफायर' पुरत नाही. अगदी पहिल्या पिढीच्या चिपची किल्ली २०११ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी, चिप काम करत असताना तिच्यातून निसटणारे विद्युतचुंबकीय संकेत मोजून काढली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैसे इथेच वाया जातात. १३.५६च्या कार्डाला यूआयडी, म्हणजे चिपचा स्वतःचा क्रमांक असतो, बहुधा ४ किंवा ७ बाइटचा. किल्लीची देवघेव सुरू होण्याआधीच कार्ड तो सांगून टाकतं. अनेक ठिकाणी रीडर तेवढाच वाचतो आणि दार उघडतो. आतली भक्कम किल्ली कोणी विचारतच नाही. एका कार्यालयात नवीकोरी डेसफायर कार्डं वाटली होती. मी व्यवस्थापकांची परवानगी घेतली, यूआयडी बदलता येणाऱ्या एका कार्डावर त्यांच्या कार्डाचा यूआयडी लिहिला आणि दाराला लावलं. दार उघडलं. त्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. कार्डं उत्तम होती, बसवणाऱ्याने रीडर नाव विचारण्यापुरता लावला होता. म्हणून विक्रेत्याला हे विचारा, 'तुमचा रीडर यूआयडी वाचतो की किल्लीने उघडलेली आतली माहिती?' उत्तर देताना तो घुटमळला तर समजून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.

किल्ल्या कोणाकडे राहणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. कारखान्यातून येताना किल्ल्या ठरावीक असतात. मायफेअर क्लासिकमध्ये सगळी एफ अक्षरं, डेसफायरमध्ये सगळी शून्यं. त्या बदलायलाच हव्यात. आणि बदललेल्या किल्ल्या फक्त विक्रेत्याकडे राहिल्या तर पुढचं प्रत्येक कार्ड त्याच्याच दरात घ्यावं लागेल. किल्ली इमारतीच्या मालकीची, बंद पाकिटात, दोन जबाबदार व्यक्तींच्या सहीने ठेवलेली, असं करारात लिहा.

रीडरपासून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या पेटीपर्यंत, जाणाऱ्या वायरीबद्दलही दोन शब्द. वीगंड पद्धतीत दोन डेटा वायरींवरून क्रमांक उघडाच जातो. रीडर भिंतीवरून उचकटून मागे एक छोटं यंत्र जोडलं की जाणारं येणारं प्रत्येक कार्ड टिपता येतं. ओएसडीपी या नव्या पद्धतीत रीडर आणि कंट्रोलरचं हेच बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं आणि त्यातली सुरक्षित वाहिनी चालू केली तर एईएसने झाकलेलं असतं. 'चालू केली तर' हे शब्द विसरू नका.

तर ताई, तुम्हाला याची गरज आहे का? तुमचं दार दिवसभर दगड लावून उघडं असेल, किंवा मागून येणाऱ्याला सगळे दार धरून ठेवत असतील, तर आधी ते सुधारा. दार आपोआप बंद करणारा चांगला क्लोजर लावा. नकली फॉबपेक्षा ती वाट मोठी आहे. पण रीडर बदलायची वेळ आलीच असेल तर पुन्हा १२५ किलोहर्ट्झमध्ये पैसे घालू नका. दोन्ही वारंवारता वाचणारे रीडर मिळतात. ते आधी बसवा, मग मजल्यामजल्याने कार्डं बदला. फक्त एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी रीडरमधलं १२५चं वाचन बंद करा. ते राहून गेलं तर नवी कार्डं खिशात असूनही जुनी वाट उघडीच राहते. असं राहून गेलेलं मी वारंवार बघते.

कार्ड घ्यावं की फॉब? आईचा हात थरथरतो. तिला कार्ड पाकिटातून काढणं जमत नाही. — एक मुलगा

आईंसाठी फॉब. पण बोटाच्या पेराएवढा छोटा नको. फॉब लहान म्हणजे आतलं वेटोळं लहान, म्हणजे रीडरच्या अगदी जवळ, नेमक्या जागी धरावा लागतो. थरथरत्या हाताला तेच अवघड जातं. हातात नीट बसेल असा मोठा, खरबरीत कडेचा फॉब घ्या आणि रुंद पट्टीला अडकवा. काही इमारतींत मनगटी पट्टाही चालतो. तोही वापरून बघायला सांगा, मनगट रीडरजवळ नेणं अनेकांना सोपं जातं. रीडर किती उंचीवर आहे, तेही बघा. खांद्याच्या वर हात न्यावा लागत असेल तर तो खाली घ्यायला सांगा. व्हीलचेअरवरच्या माणसालाही त्याचा उपयोग होईल. रीडरखाली हात टेकायला छोटी कड असली तर आणखी बरं. मी एके ठिकाणी लाकडाची साधी पट्टी लावून दिली होती. तिथल्या आजी येताजाता तिच्यावर मनगट टेकवायच्या.

बाकी कार्डाचा फायदा म्हणजे त्यावर फोटो आणि नाव छापता येतं. जिथे माणूस चेहरा बघतो, म्हणजे कार्यालयात किंवा रुग्णालयात, तिथे कार्डच हवं. घराच्या इमारतीत मात्र कार्डावर पत्ता किंवा घराचा क्रमांक कधीही छापू नका, सापडलेलं कार्ड थेट तुमच्या दाराशी घेऊन येईल. फॉब किल्ल्यांबरोबर राहतो म्हणून विसरला जात नाही, पण हरवला तर किल्ल्यांसकट हरवतो.

फोनच्या पाठीवर चिकटवायचा टॅगही मिळतो. तो घेतलात तर धातूवर चालणारा, मागे धातूपासून वाचवणारा फेराइटचा थर असलेला घ्या. साधा टॅग फोनच्या धातूजवळ मुका होतो. पाकिटात दोन १२५ची कार्डं एकत्र असली तर दोन्ही एकदम बोलतात आणि रीडरला कुठलंच कळत नाही. १३.५६च्या कार्डांना पाळीपाळीने बोलायची पद्धत असते, तरी तिथेही रीडरने नको ते कार्ड आधी उचलणं होतं. दाराचं कार्ड वेगळ्या खणात ठेवलेलं बरं.

मी रात्रपाळी करते. मी किती वाजता येते यावर समितीच्या बैठकीत चर्चा झाली. ती माहिती माझ्या कार्डातून काढली होती. हे असं करता येतं का? — नाव देत नाही

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यंत्रणेला हे करता येतं. कोणतं कार्ड, कोणतं दार, किती वाजता, हे कंट्रोलर नोंदवतो आणि सॉफ्टवेअर दाखवतं. पण ती नोंद चोरी झाली, दार बिघडलं, आग लागली, अशा वेळी बघण्यासाठी ठेवलेली असते. शेजाऱ्याच्या येण्याजाण्याचा हिशोब मांडायला नव्हे. तुमच्या बाबतीत झालं ते चूक झालं, आणि हे काम करणारी म्हणून मला त्याचं वाईट वाटतं.

समितीला लेखी विचारा. नोंदी बघण्याचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? नोंद किती दिवस ठेवली जाते? कोणी, कधी, कशासाठी उघडली, हे लिहिलं जातं का? चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याचं वेगळं खातं असतं. कार्ड जोडणाऱ्या माणसाला वेळा दिसू नयेत, अशी वाटणी करता येते. ठरावीक दिवसांनी नोंदी आपोआप पुसल्या जातील, अशी सोयही असते. मी नव्या इमारतीत ३० दिवस सुचवते आणि नोंद उघडायला दोघांची संमती. समितीतल्या वाचकांनो, तुमचं हे ठरलेलं नसेल तर कार्डं वाटण्याआधी ठरवा. एखादी बाई आपल्याच दाराशी येताना घड्याळाकडे बघून बिचकू लागली, तर ते दार तिच्यासाठी राहिलं नाही.

कार्ड हरवलं तर दंड किती असावा? — समिती सदस्य

दंड जेवढा जास्त, तेवढं हरवल्याचं उशिरा सांगतात. कार्डाच्या किमतीएवढंच घ्या आणि कळवल्याच्या क्षणी ते यंत्रणेतून बंद करा. नवीन कार्डाला नवीन क्रमांक द्या, हरवलेल्याचा क्रमांक पुन्हा वापरू नका. सगळ्या घराला मिळून एकच क्रमांक असेल तर एक हरवल्यावर सगळी बंद करावी लागतात, म्हणून माणशी एक कार्ड. आणि ९० दिवसांत एकदाही न वापरलेल्या कार्डांची यादी दर तिमाहीला काढा. घर सोडून गेलेले, काम सोडलेले, सगळे त्यात सापडतात. मी सांभाळत असलेल्या एका इमारतीत वर्षापूर्वी काम सोडलेल्या माणसाचं कार्ड चालू राहिलं होतं, आणि ते बंद करण्याची जबाबदारी माझी होती. काही बिघडलं नाही, पण ती यादी मी तेव्हापासून एकदाही चुकवलेली नाही.

वीज गेली तर आत अडकू का? आणि चुंबकाजवळ ठेवल्याने कार्ड खराब होतं का? — दोन वेगळ्या पत्रांतून

मॅग्नेटिक लॉकला धरून ठेवायला वीज लागते. ती गेली की दार सुटतं, म्हणून त्याला बॅकअप बॅटरी जोडतात. दुसऱ्या प्रकारची काही कुलपं वीज गेल्यावर बंदच राहतात. तिथे आतून हाताने उघडणारं हँडल असलंच पाहिजे. आगीचा इशारा मिळताच बाहेर पडायच्या वाटेवरची दारं सुटायला हवीत आणि आतून निघायला कार्ड लागता कामा नये. बटण दाबून नव्हे, खरोखर वीज तोडून हे तपासा, बॅटरी असताना आणि बॅटरी काढूनही.

चुंबकाने चिपच्या कार्डाला काही होत नाही. पुसली जातात ती काळ्या चुंबकीय पट्टीची कार्डं. चिपचं कार्ड मरतं ते मागच्या खिशात ठेवून त्यावर बसल्याने, वाकून वाकून आतली तार तुटते.

कार्ड गळ्यात अडकवायला भोक पाडलं आणि ते बंद पडलं. दुरुस्त होईल का? — एक विद्यार्थी

नाही होणार. भोक वेटोळ्यातून गेलं असावं. जुन्या कार्डाचा क्रमांक बंद करून घे, नवीन माग आणि या वेळी त्याला कडक प्लास्टिकचा होल्डर घे. भोक होल्डरला असतं.